कडेकडून आत

वाकळ अंथरली की तिला चार कडा असतात. चार बायका बसल्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला एक कड येते. पाचवी आली तर ती दोरे ओवून देते, सहावी चहा टाकते. सांगलीतल्या आमच्या गल्लीत दुपारी बायकांचा जो गट जमतो, त्याची घटना म्हणाल तर एवढीच. वर्गणी नाही, अध्यक्ष नाही, गटाला नावसुद्धा नाही. जेवणं उरकून ओटा पुसला की सुई-दोऱ्याचा डबा घेऊन यायचं, जमिनीवर मांडी घालायची आणि मुलं शाळेतून परतायच्या वेळेला उठायचं.

गटाचं मूळ पुरात आहे. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर चढलं. इथली धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी उतरलं तेव्हा घराघरांसमोर भिजलेल्या गाद्यांचे ढीग लागले. कापसाची गादी पुराचं पाणी प्यायली की तिचं काही करता येत नाही, आतल्या आत कापूस कुजतो. फोमच्या गाद्यांचंही तेच झालं. वाकळ मात्र धुता येते. तिच्यात भरलेलं असं काही नसतंच. कापडावर कापड आणि सगळ्यांतून आरपार गेलेला दोरा. नवरात्राआधी घरातली अंथरुणं-पांघरुणं नदीवर नेऊन धुवायची आपल्याकडची जुनी रीत, पण त्या वर्षी घटस्थापनेपर्यंत थांबायला सवड कुणाला होती? चिखलाने भरलेली ओली वाकळ एकटीला उचलत नाही. दोघींनी दोन टोकं धरून पिळायची, तिसरीने मधून आधार द्यायचा. असं करत शेजारणींनी एकमेकींच्या घरच्या वाकळा धुतल्या आणि गच्च्यांवर, कठड्यांवर वाळत घातल्या. वाळल्यावर दिसलं की कापड टिकलंय, दोरा मात्र जागोजागी तुटलाय. मग ज्या घराची माडी कोरडी होती तिथे आम्ही सगळ्या त्या वाकळा घेऊन बसलो. घरं पुन्हा उभी राहिली तरी बसणं चालूच राहिलं.

त्या पहिल्या दुरुस्तीच्या दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली आणि पुढे ती अधिकच पटत गेली. शिवणातलं खरं ज्ञान कापडावर हात असतानाच बाहेर येतं. ‘तुम्ही गोधडी कशी शिवता?’ असं समोर बसून विचारलं, तर हयात शिवणात गेलेली बाईसुद्धा ‘त्यात काय सांगायचं, शिवायची’ म्हणून मोकळी होते. पण शेजारणीचा दोरा गुंतलेला दिसला की तीच बाई म्हणते, “अगं, केवढा लांब घेतलायस! हातभर घे, जास्त नको.” आणि मग थांबत नाही. रिळावरून दोऱ्याचं जे टोक आधी सुटतं तेच सुईत ओवायचं, म्हणजे शिवताना पीळ उलटा पडत नाही. ओवायच्या आधी टोक तिरकं कापायचं. दोरा मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्यायचा, मग तो थरांतून सरसर जातो. सुईचं नेढं दिसत नसेल तर मागे पांढरा कागद धरायचा. दोराच पांढरा असेल तर गडद कापड. ऐकायला या लहान गोष्टी आहेत. पण ज्या बाईला संध्याकाळपर्यंत बोटं न दुखता एक कड संपवायची आहे, तिचं सगळं काम यांच्यावरच चालतं.

या युक्त्यांना आमच्यात देणारीची ओळख चिकटते. मिरजेच्या मावशी दोऱ्याचं टोक सुईभोवती तीनदा गुंडाळून चिमटीत धरतात आणि सुई ओढून घेतात. शेवटाला बारीकशी गच्च गाठ बसते. ती ‘मावशींची गाठ’. ही गाठ उघड्यावर ठेवायची नाही. पहिला टाका घेताना हलका हिसका दिला की ती वरच्या कापडातून आत शिरते आणि थरांमध्ये अडकून बसते. कापड विरलेलं असेल, तर मात्र हिसक्यासरशी गाठ निघूनच येते. तिथे मावशी गाठ मारत नाहीत, त्याच जागी दोन उलटे टाके घेतात. आता कापड कुठे विरलंय हे शब्दांत सांगायचं कसं? मावशी आपलं बोट धरतात, त्या जागेवर टेकवतात आणि विचारतात, “बघ, इथं जीव हाय का?”

इचलकरंजीच्या वहिनी यंत्रमागांच्या आवाजात वाढल्या. कापड त्यांना वाचता येतं. जुनी साडी आली की त्या ती आधी खिडकीत उजेडासमोर धरतात. आम्ही याला ‘वहिनींचा उजेड’ म्हणतो. बसण्या-उठण्याने साडी गुडघ्यांपाशी आणि मागच्या बाजूला झिजते. वरून तिथलं कापड ठणठणीत दिसतं, पण उजेडात जाळी दिसते. तो भाग थरांच्या आत जातो. काठाजवळचा, पदराआडचा, कमी वापरलेला भाग बाहेर राहतो. वहिनींचं दुसरं सांगणं ताण्याबद्दल. कापडातले उभे धागे आडव्यांपेक्षा कमी ताणतात, म्हणून वाकळेतल्या सगळ्या थरांचे उभे धागे एकाच दिशेला ठेवायचे. एक थर आडवा पडला तर पहिल्याच धुण्यात वाकळ एका बाजूने ओढली जाते आणि पुन्हा कधी सरळ बसत नाही. इरकलीचा पदर रेशमी असेल तर त्याचीही त्यांना काळजी. जुनं रेशीम घडीवर चिरतं, म्हणून तो तुकडा कडेला लावू देत नाहीत, मध्यावर घेतात. कडेला सगळ्यात जास्त ओढाताण होते, तिथे धोतर किंवा मांजरपाटच हवा. आणि नवं कापड लावायचंच असेल तर रात्रभर पाण्यात भिजवून त्याची खळ काढून घ्यायची. तांबडं असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून रंग सुटतो का ते बघायचं.

नऊवारी लुगडं पुरं असेल तर त्याचा हिशेब फार सुरेख बसतो. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आतबाहेर. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा दोन मीटरांचा होतो. दोन तुकडे काठाला काठ जोडले की दोघांच्या पांघरुणाची वरची बाजू झाली, उरलेल्या दोनांची खालची. एकाच लुगड्यात वाकळेची दोन्ही अंगं निघतात आणि आत बाकीच्या चिंध्या, धडपे, मुलांचे झिजलेले सदरे. ज्या काळात कापड मोजून-मापून घरात यायचं, त्या काळातल्या बायकांनी हे गणित जमिनीवर कापड पसरून सोडवलं. आता घरोघरी पॉलिस्टरच्या साड्या साठल्यात. त्या आम्ही टाकून देत नाही, एखादा थर आत घालतो. पण अंगाशी सुतीच हवं, यावर आमच्या गटात दुमत नाही. घाम टिपून न घेणारं पांघरूण लेकराला घालू नये.

शिंपीकाका गटातले एकटे पुरुष. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. दाभणाएवढी सुई सहा-सात थरांतून काढताना बायकांची बोटं सोलली जातात हे पाहून त्यांनी पेटीतून अंगुस्तान काढून आणलं आणि ते मधल्या बोटात घालून सुई कशी ढकलायची ते दाखवलं. जुन्या बायकांना ते पटेना. टोपण घातलं की सुई कळत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे; वाकळ शिवताना सुईचं टोक खालच्या बाजूला आलं की नाही हे बोटच सांगतं. अखेर मध्यममार्ग निघाला. ढकलणाऱ्या हाताला अंगुस्तान, खालचा हात मोकळा आणि सुई अडली की ओढायला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. रबरात पकडली की अडलेली सुई निमूट बाहेर येते.

बंगळुरूहून बदली होऊन आलेली एक मुलगी तिची विजेवरची मशीन घेऊन आली, तेव्हा गट दोन दिवस कुजबुजत होता. ती परदेशी पद्धतीच्या क्विल्ट शिवते. तिने थर एकत्र धरायला सेफ्टी पिना आणल्या आणि सरळ रेषेसाठी रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी. चिकटपट्टी लावायची, तिच्या कडेने टाके घालायचे, मग ती काढून पुढे लावायची. मिरजेच्या मावशींना ही पट्टी इतकी आवडली की त्यांनी एक आख्खं रीळ मागून घेतलं. त्या मुलीला मात्र एक गोष्ट उमगत नव्हती. ती मधून सुरुवात करते आणि बाहेर जाते, म्हणजे थरांमधला झोळ कडेला निघून जातो. आम्ही कडेपासून सुरू करतो आणि चौकटीत चौकट घालत आत येतो. तिच्या शिकवणीप्रमाणे झोळ मध्यावर गोळा होऊन तिथे फुगवटा यायला हवा. तसा तो येत का नाही?

यावर आमची एक आख्खी दुपार गेली. हे कुणीच कधी स्वतःला विचारलं नव्हतं. मावशी शिवून दाखवत राहिल्या, ती त्यांचे हात बघत राहिली, तेव्हा उत्तर हळूहळू पुढे आलं. एक तर आधीच कोपऱ्याला कोपरा असे लांब कच्चे टाके घातलेले असतात. दुसरं, मावशींचा डावा हात सतत पुढच्या कापडावरून फिरत असतो, सुईच्या आधी. तिसरं, वरची ठिगळं त्या आधीपासून जोडून ठेवत नाहीत. तुकडा त्याच वेळी ठेवतात, त्याची कड त्याच वेळी आत दुमडतात आणि सगळ्या थरांतून टाका घालतात. जास्तीचं कापड आपसूक त्या दुमडीत जातं. मावशी ही गोष्ट उभा जन्म करत आल्या होत्या, पण ती आपण करतो हे त्यांना त्या दुपारी कळलं. विचारणारी बाहेरची असल्यामुळे ते घडलं, म्हणून गटात नवखी बाई हवीच, असं माझं ठाम मत आहे.

असंच कडेकडून आत शिवत जाणं आपल्या सीमेपलीकडे, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांकडे आहे. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत आफ्रिकेतून आलेल्यांचे हे वंशज राहतात. त्यांच्या बोलीत कोकणी, मराठी आणि कानडी एकत्र नांदतात. त्यांच्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे लहान त्रिकोण असतात. त्यांना फुलं म्हणतात, आणि फुलं लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं धरत नाहीत. आमच्या गटातल्या एका आजींच्या माहेरी मध्यावरची शेवटची चौकट बंद करण्याआधी ज्वारीचे चार दाणे आत टाकत. वाकळेचं पोट रिकामं ठेवू नये, असं त्या सांगतात. आता आम्ही सगळ्याच ते टाकतो.

मिरजेच्या मावशी एकदा आईचं लुगडं घेऊन आल्या. आई जाऊन वर्ष झालं होतं. हिरवं, बारीक चौकड्याचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्याची वाकळ करायची हे त्यांनी ठरवलं होतं, पण कात्री हातात घेतली की ठेवून देत. असं बऱ्याचदा झालं. कुणी त्यांना समजावलं नाही. आईच्या कापडाला कात्री लावणं किती कठीण असतं हे तिथे बसलेल्या बहुतेकींना माहीत होतं. शेवटी ज्वारीवाल्या आजी म्हणाल्या, “कापायचं कशाला? आख्खंच आत घाल की.” मग लुगडं न कापता, घड्या घालून आतला थर म्हणून अंथरलं. वर मावशींच्या स्वतःच्या दोन साड्या, खाली नातीच्या फ्रॉकचे तुकडे. लुगडं बाहेरून कुठेच दिसत नाही. मावशी त्या वाकळेत झोपतात. त्या दिवसानंतर दुसऱ्या गल्लीतूनही बायका असलं कापड घेऊन येऊ लागल्या: वडिलांचं धोतर, थोरल्या बहिणीची बाळंतपणातली साडी, अपघातात गेलेल्या मुलाचे शर्ट. त्या कापडाबद्दल आम्ही फार बोलत नाही. कुठे बसवायचं, एवढंच विचारतो.

अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या एका वळणात जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या वंशजांची ही वस्ती. तिथल्या मिझूरी पेटवे या बाईंनी १९४२मध्ये नवरा वारल्यावर त्याच्या शेतात घालायच्या कपड्यांची क्विल्ट शिवली. पँटच्या गुडघ्याची झिजलेली, फिकट पडलेली जागा तशीच ठेवून. हे वाचलं तेव्हा मला आमची माडी आठवली. जीज बेंडच्या बायका वरचं कापड आपापल्या घरी जोडतात आणि थर शिवायला एकत्र बसतात. त्या भागातल्या बायकांनी १९६६मध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. २००२मध्ये त्यांच्या क्विल्टचं ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात प्रदर्शन भरलं आणि २००६मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटं काढली. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की कुठली क्विल्ट कुणी शिवली हे तिथे लिहून ठेवलेलं आहे. ॲनी मे यंग, लोरेटा पेटवे, मेरी ली बेंडॉल्फ. इतक्या दूर बसून मी ही नावं सांगू शकते.

आणि आपल्याकडे? गल्लीतल्या एका घरची फार जुनी वाकळ आम्ही उसवायला घेतली. आत दुसरी वाकळ निघाली. झिजलेली वाकळ फेकायची नाही, नव्या वाकळेच्या पोटात घालायची, ही रीतच होती. आतल्या वाकळेवर टाके अजून स्पष्ट होते आणि चारही कडांवर ते वेगवेगळे होते. एका कडेला ज्वारीच्या दाण्याएवढे, अगदी सारखे. दुसरीकडे लांब आणि घाईचे. तिसऱ्या कडेचे टाके उलट्या बाजूला कललेले, म्हणजे ती बाई डावखुरी असणार. त्या घरच्या सर्वांत थोरल्या सुनेला बोलावलं. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी तळहाताने कड चाचपली आणि म्हणाल्या, “ही आत्याबाईंची.” मग दुसरी चाचपून, “ही माझ्या थोरल्या जावेची. ती डावरीच होती.” सासूला, जावेला त्यांनी टाक्यावरून ओळखलं. त्यांची नावं नातसुनेने विचारली, तेव्हा जावेचं लग्नातलं नाव आठवलं, आत्याबाईंचं आठवेना. घरातल्या कुणालाच आठवेना. आमच्या गटात तीन वेढ्यांच्या गाठीलाही मावशींची ओळख आहे, आणि इथे पांघरुणाची आख्खी कड शिवून, पिढ्या उबेत ठेवून ती बाई बिननावाची गेली. मला ते फार लागलं.

आणखी एक हिशेब मी बाजारात घासाघीस करणाऱ्या प्रत्येकाला सांगते. बचत गटांच्या प्रदर्शनांत हाताने शिवलेल्या गोधड्या विकायला असतात आणि लोक ‘जुन्या कापडाचीच तर आहे’ म्हणत किंमत पाडून मागतात. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद गोधडी घ्या. दोन ओळींत दोन बोटं, म्हणजे तीन सेंटिमीटर अंतर धरलं, तर सगळी शिवण मिळून शंभर मीटर भरते. सेंटिमीटरला एक टाका धरला तर दहा हजार टाके. प्रत्येक टाक्याला सुई खाली जाते, वर येते, दोरा ओढला जातो. ओळी दाट असतील तर याच्या दुप्पट. कापड जुनं असतं, हे खरं. पण विकत आपण हे टाके घेत असतो. आधी गावोगाव हिंडून वाकळा शिवून देणाऱ्या बायका दारात यायच्या, आणि त्यांना मजुरीत दाणे, भाकरी, एखादं जुनं पातळ मिळायचं. त्यांच्याही नावांची कुठे नोंद नाही.

त्या उसवलेल्या वाकळेनंतर गटात एक नवा नियम आला, बहुधा आमचा एकमेव लेखी नियम. वाकळ पुरी झाली की मागच्या बाजूला, जिने जी कड शिवली त्या कडेच्या कोपऱ्यात, तिचं नाव आणि साल साखळी टाक्याने घालायचं. ज्यांना अक्षर येत नाही त्यांचं नाव दुसरी खडूने आखून देते, टाके मात्र त्यांचे त्या घालतात. पहिल्यांदा मावशी लाजल्या. “माझं नाव कशाला, घराण्याचं घाल,” म्हणाल्या. मग घातलं.

तुमच्या घरी माळ्यावर किंवा पलंगाच्या पेटीत एखादी हातची गोधडी असेलच. येत्या नवरात्राआधी ती बाहेर काढा, उन्हात टाका आणि घरातल्या वयाने मोठ्या माणसाला जवळ बसवून विचारा, ही कुणी शिवली. आत्या, मावशी, आजी एवढ्यावर थांबू नका, पाळण्यातलं नाव विचारा, माहेरचं आडनाव विचारा, गाव विचारा. मग ते मागच्या कोपऱ्यात दोऱ्याने घाला. शाईने लिहू नका, दोन धुण्यांत जाते.